नदीवर रॉड आणि कॅमेरा एकत्र कसा सांभाळायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: फ्लाय फिशिंग (गळावर बांधलेल्या नकली किड्याने, म्हणजे फ्लायने, मासे पकडणं) शिकून एक हंगाम झाला, ट्राउट अधूनमधून लागतात, सोबत मिररलेस कॅमेरा असतो. फोटोच्या नादात मासा निसटतो आणि मासेमारीच्या नादात फोटो बिघडतो. पाण्याचे फोटो चकाकून पांढरे पडतात. हवेत फेकलेली लाइन, म्हणजे फ्लाय वाहून नेणारी दोरी, फोटोत दिसतच नाही. पकडलेला मासा सोडून द्यायचा आहे, पण त्याचा एक चांगला फोटो हवा आहे. आणि शेवटी, एकच लेन्स घ्यायची तर कोणती?

सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवा, कारण बाकीचं बहुतेक त्यावरच अवलंबून आहे. पुढचा अर्धा तास रॉडचा आहे की कॅमेऱ्याचा, हे पाण्यात उतरण्यापूर्वी ठरलेलं असू द्या. दोन्ही एकाच वेळी हातात धरून दोन्ही नीट करणारा माणूस मी पाहिलेला नाही. पण या दोन्ही कामांना लागणारं निरीक्षण मात्र एकच आहे. ऊन कुठून येतंय, पाणी कुठे आरशासारखं चमकतंय आणि कुठे आतलं दिसतंय, सावली कुठवर पोचली आहे, कोणत्या पट्ट्यात पाणी संथ होतंय, हे ज्याला कळतं त्याला मासाही सापडतो आणि फोटोही. म्हणून नदीवर पोचल्यावर रॉड जोडण्याआधी काठापासून थोडं मागे बसा आणि पाणी बघा. दहा मिनिटं पुरतात.

आता मासा काय बघतो ते समजून घेऊ, कारण फोटोग्राफर मंडळी सर्वांत जास्त नुकसान इथेच करतात. पाण्यातून वर बघताना ट्राउटला बाहेरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे ही खिडकी सुमारे 97 अंशांच्या शंकूएवढी असते. मासा जितका खोल, त्याच्या साधारण सव्वादोन पट या खिडकीचा व्यास. म्हणजे एक फूट खोलीवर असलेल्या माशाची खिडकी जेमतेम सव्वादोन फुटांची. तिच्या बाहेर त्याला पाण्याच्या पृष्ठभागाची खालची बाजू दिसते, तिच्यात तळाचं प्रतिबिंब. फ्लाय ओळीपासून वीतभर बाजूला पडली तरी वरच्या थरात खाणारा ट्राउट दुर्लक्ष का करतो, याचं एक मोठं कारण हे आहे.

या खिडकीच्या कडेला क्षितिजाजवळचं सगळं दबून, चेपून दिसतं. पाण्याच्या पातळीपासून सुमारे 10 अंशांच्या खाली जे आहे ते माशाच्या फारसं लक्षात येत नाही, असा अनुभवी मच्छीमारांचा आडाखा आहे. हिशेब केला तर 10 मीटर अंतरावर ही मर्यादा पाण्यापासून पावणेदोन मीटर उंचीवर येते. कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला मच्छीमार त्या मर्यादेच्या आत राहतो. पण त्याचा मित्र कॅमेरा घेऊन मीटरभर उंच काठावर, आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभा राहिला की तो पूर्णपणे दिसतो. वर त्याची सावली पाण्यावर पडली तर त्या डोहातली मासेमारी बराच वेळ विसरायची. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो आणि त्याला अगदी मागचं दिसत नाही. म्हणून मच्छीमार खालच्या अंगाने, माशाच्या मागून वर सरकतो. फोटो काढणाऱ्यानेही तसंच करायचं: मच्छीमाराच्या मागे किंवा खालच्या बाजूला, बसून किंवा गुडघ्यावर, मागे झाडं किंवा उतार घेऊन. फोटोलाही हा खालचा कोन चांगला लागतो, कारण त्यात पाण्याला लांबी येते.

चकाकीबद्दल. पोलरायझर फिल्टर लावा, हे तुम्ही ऐकलंच असेल. पण तो कुठे चालतो आणि कुठे नाही हे कुणी सांगत नाही, म्हणून लोक तो फिरवत बसतात आणि निराश होतात. पाण्यावरून परतणारा प्रकाश एका विशिष्ट कोनात जवळजवळ पूर्ण ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारा) असतो, आणि तो कोन पृष्ठभागापासून सुमारे 37 अंश आहे. तुमचा कॅमेरा पाण्यापासून दीड मीटर उंच असेल तर हा कोन साधारण दोन मीटर अंतरावरच्या पाण्याला मिळतो. तिथे फिल्टर फिरवला की पडदा सरकावा तसे तळाचे गोटे दिसायला लागतात. तीस मीटरवरच्या पाण्याला मात्र तुम्ही फार तिरप्या कोनातून बघताय, तिथली चकाकी पूर्ण जाणार नाही. तेव्हा माशाचा पाण्यातला फोटो हवा असेल तर जवळचं पाणी आणि थोडी उंची घ्या. उंचीमुळे मासा बुजतो हे वर सांगितलंच, म्हणून मागे झाडी असलेली जागा निवडा आणि हालचाल सावकाश ठेवा.

पोलरायझर साधारण एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश खातो, हे सावलीतल्या ओढ्यावर लक्षात ठेवावं लागतं. वाइड अँगलवर आभाळ घेतलं तर तो आभाळात गडद-फिका पट्टा पाडतो. आणि प्रत्येक वेळी सगळी चकाकी घालवू नका. ओल्या दगडावरची थोडी चमक त्याला ओलं दाखवते. ती पुसून टाकली तर दगड मातकट दिसतो. संध्याकाळी समोरच्या काठावरच्या पिवळ्या पानांचं प्रतिबिंब पाण्यात असेल तर फिल्टर उलट फिरवून ते प्रतिबिंब राखा. फोटो काढताना डोळ्यांवर पोलरॉइड चष्मा असेल तर काही कॅमेऱ्यांचा स्क्रीन आडवा किंवा उभा धरल्यावर काळा पडतो. कॅमेरा बिघडलेला नसतो. स्क्रीनचा प्रकाशही ध्रुवित असतो एवढंच.

पाणी पांढरं पडतं ते बहुतेक वेळा एक्सपोजरमुळे. खळाळातला फेस हा फ्रेममधला सर्वांत उजळ भाग, आणि बाजूचे ओले खडक जवळजवळ काळे. कॅमेरा खडकांकडे बघून उजेड वाढवतो आणि फेसातला तपशील कायमचा जातो. हिस्टोग्रामची, म्हणजे उजेडाच्या आलेखाची, उजवी कड बघा, दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी करा, रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल घ्या आणि सावल्या नंतर उचला. भर दुपारी उन्हात तरीही जमणार नाही. ढगाळ दिवस निवडा. त्यात मासेमारीचाही फायदा आहे: बेटिस जातीच्या छोट्या ऑलिव्ह मेफ्लाय (पाण्यात वाढणारे नाजूक पंखवाले किडे) ढगाळ, दमट हवेत पाण्यातून भरपूर बाहेर पडतात आणि ट्राउट निर्धास्तपणे वर येऊन खातात.

वाहत्या पाण्याला शटर किती द्यावं यावर लोक वाद घालतात. मला स्वतःला ते दुधासारखं पांढरंधोप पाणी आवडत नाही. नदी वाचणाऱ्या माणसाला त्यात काहीच वाचता येत नाही. पाव ते अर्धा सेकंद पुष्कळ होतो. तेवढ्यात प्रवाहाच्या रेघा राहतात, कुठला पट्टा वेगात आहे आणि कुठे तो संथ पाण्याला घासून जातो ते दिसतं. त्याच घासणीच्या रेषेवर ट्राउट उभा असतो, कारण संथ पाण्यात राहून शेजारच्या वेगवान पाण्यातून वाहत येणारं खाद्य त्याला कमी श्रमात मिळतं. असा फोटो घरी मोठा करून बघा, पुढच्या वेळी फ्लाय कुठे टाकायची ते कळेल. हा वापर फार कमी लोक करतात.

आता लाइन. हवेतल्या लाइनचा तो डौलदार लूप (वळसा) फोटोत का येत नाही? कारण लाइन जेमतेम एक मिलिमीटर जाडीची, वेगात आणि बहुतेक वेळा आभाळासमोर असते. उपाय जागा बदलण्यात आहे. मच्छीमाराच्या मागून किंवा बाजूने ऊन येत असेल आणि त्याच्या पलीकडचा काठ सावलीत असेल, अशी जागा शोधा. गडद पार्श्वभूमीवर उन्हाने उजळलेली लाइन आपोआप उठून दिसते, आणि तिच्यावरून उडणारे थेंबही. शटर 1/1000 किंवा त्याहून वेगवान, एक्सपोजर जरा कमी, बर्स्ट मोड (सलग फोटो) चालू. लाइनवर ऑटोफोकस बसत नाही, म्हणून मच्छीमाराच्या चेहऱ्यावर फोकस करून तो तिथेच लॉक करा आणि तुम्ही काटकोनात बाजूला उभे राहा, म्हणजे लाइन साधारण त्याच अंतरावर राहते. अॅपर्चर एफ 5.6 ते 8. पुढच्या फेकीपेक्षा मागची फेक अनेकदा देखणी येते. रॉड थांबतो त्या क्षणाच्या किंचित आधी बर्स्ट सुरू करा. पांढरट किंवा नारिंगी लाइन असेल तर काम सोपं होतं. आणि फेकणाऱ्या हाताच्या बाजूला उभं राहू नका, चष्मा लावल्याशिवाय तर मुळीच नाही. वेगात आलेला गळ डोळ्याला काय करू शकतो ते सांगायला नको.

माशाच्या फोटोबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण इथे चूक झाली तर किंमत मासा मोजतो.

दमलेला ट्राउट पाण्याबाहेर काढणं म्हणजे धावून धापा टाकणाऱ्याचं नाक दाबणं. पाण्याबाहेर त्याच्या कल्ल्यांमधले नाजूक पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि प्राणवायू मिळणं जवळजवळ थांबतं. फर्ग्युसन आणि टफ्ट्स या संशोधकांनी 1992 मध्ये रेनबो ट्राउटवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. पूर्ण दमवलेल्या पण पाण्यातच ठेवलेल्या माशांपैकी 12 टक्के पुढच्या 12 तासांत मेले. दमवल्यावर 30 सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी 38 टक्के, आणि 60 सेकंद ठेवलेल्यांपैकी 72 टक्के. प्रयोगशाळेतल्या माशांना नदीतल्या माशांपेक्षा जास्त ताण होता, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे नदीला लावू नयेत. पण हवेतला प्रत्येक जादा सेकंद काय करतो ते त्यातून स्पष्ट कळतं. शिवाय मासा निसटून पोहत गेला म्हणजे वाचला, असं नसतं. बरेचसे नंतर मरतात, आणि ते आपल्याला दिसत नाही.

पाण्याचं तापमानही यातच येतं. 10 अंश सेल्सियसला पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 20 अंशांना सुमारे 9. ऊन तापतं तशी माशाची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. पाणी 20 अंशांच्या आसपास गेलं की मी रॉड गुंडाळतो आणि उरलेला दिवस कॅमेऱ्याला देतो. तापमान अंदाजाने कळत नाही, खिशात थर्मामीटर हवा.

तेव्हा फोटोची पद्धत अशी. मासा लागायच्या आधीच कॅमेरा तयार असतो: शटर 1/500, अॅपर्चर 5.6 ते 8, आयएसओ ऑटो, लेन्स वाइड, पोलरायझर फिरवून ठेवलेला. गळाला काटा (टोकाजवळचं उलटं अणकुचीदार टोक) नसावा. असेल तर पकडीने दाबून टाका. रबराची जाळी वापरा, गाठींच्या दोऱ्याची जाळी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडते आणि तोच थर त्याला बुरशीपासून वाचवतो. टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा शेवटचा बारीक धागा, उगाच बारीक घेऊ नका. 5एक्स म्हणजे सुमारे 0.15 मिलिमीटर, 14 ते 18 नंबरच्या फ्लायला (नंबर मोठा तशी फ्लाय लहान) तो बहुतेक ठिकाणी चालतो. त्याहून बारीक घेतला की मासा ओढायला वेळ लागतो आणि तो पार थकतो.

मासा जाळीत आला की जाळी पाण्यातच, माशाचं तोंड प्रवाहाकडे. गळ पाण्यातच सोडवा. हात आधीच ओले केलेले असावेत. तुम्ही गुडघाभर पाण्यात गुडघ्यावर बसा, कडेच्या खडकांपासून दूर, म्हणजे मासा हातातून सुटला तरी पाण्यातच पडेल. फोटो काढणारा तुमच्यासमोर, कॅमेरा जवळजवळ पाण्याला टेकलेला. त्याने फ्रेम बसवली, फोकस झाला, ‘हं’ म्हटलं, की मगच एक हात शेपटीच्या मुळाशी आणि दुसरा पुढच्या परांखाली सैल ठेवून मासा इतकाच उचला की अंगावरून पाणी निथळत राहील. पोटाजवळ, पुढच्या परांच्या मधे दाबू नका, तिथे हृदय असतं. कल्ल्यांत बोटं नकोत. दोन-तीन सेकंदांत पुन्हा पाण्यात. फोटो हुकला तर हुकला. मासा पाण्यात श्वास घेऊ द्या, आणि तो तगडा वाटला तरच आणखी एकदा. कॅमेऱ्यासमोर हात लांब करून मासा मोठा दाखवण्याची सवय तर सोडाच. अशा फोटोत माशापेक्षा बोटं मोठी दिसतात.

खरं सांगायचं तर मासा उचललेला फोटो मला आता फारसा काढावासाच वाटत नाही. पाण्यातच ठेवून काढलेले तपशील जास्त बोलतात. ब्राउन ट्राउटच्या बाजूवर काळे आणि लाल ठिपके असतात, अनेकांभोवती फिकट कडं. रेनबोच्या अंगावरचा गुलाबी पट्टा कल्ल्याच्या झाकणावर सर्वांत गडद असतो. पाठीवर शेपटीजवळचा तो छोटा मांसल पर, त्याची कड ब्राउनमध्ये अनेकदा नारिंगी झाक मारते. ठिपक्यांची मांडणी प्रत्येक माशाची वेगळी असते, त्यामुळे एकाच डोहात तोच मासा पुन्हा लागला तर जुन्या फोटोवरून ओळखता येतो. उन्हात रेनबोची चंदेरी बाजू आरशासारखी उजेड फेकते आणि रंग उडतो. स्वतःच्या अंगाची सावली त्याच्यावर पाडा, रंग लगेच परततात. डोळ्यावर फोकस ठेवा. साधा जलरोधक कॅमेरा असेल तर तो पाण्याखाली धरून मासा हातातून सुटतानाचा फोटो घ्या. नेम धरता येत नाही, बरेच फोटो वाया जातात, पण जो जमतो तो संग्रही ठेवावा असा असतो.

एकटे असाल तर? तर मासा जाळीत, जाळी पाण्यात, वरून एक फोटो, पोलरायझर लावलेला. बस. ट्रायपॉड, टायमर आणि जिवंत मासा हे त्रिकूट जमवायच्या मागे लागू नका.

एक विषय तुम्ही विचारला नाहीत, पण कॅमेऱ्याचा मासेमारीला सर्वांत मोठा उपयोग तिथे होतो: किडे. पाण्यावरून उडणारी मेफ्लाय टोपीच्या कडेवर किंवा बोटावर अलगद बसवा आणि मॅक्रो किंवा फोनच्या जवळच्या लेन्सने फोटो घ्या, शेजारी तुमची फ्लाय ठेवून. स्क्रीनवर मोठं केलं की फरक लगेच दिसतो. बहुतेक वेळा आपली फ्लाय एक-दोन नंबरने मोठी असते. आधी आकारमान जुळवा, मग बाह्याकृती, रंग सर्वांत शेवटी. पंख धुरकट, दुधी असतील तर ती नुकती पाण्यातून बाहेर आलेली डन. काचेसारखे पारदर्शक असतील तर ती स्पिनर, म्हणजे अंडी घालायला परतलेली. पंख फुटल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा आजचा हा एकमेव कीटकवर्ग आहे. डन पाण्यावर उभी तरंगते, मेलेली स्पिनर पंख पसरून पाण्याला चिकटते, आणि त्याप्रमाणे फ्लायचा प्रकार बदलतो. काहीच ओळखू आलं नाही तर 16 नंबरची अॅडम्स बांधा. मिशिगनमध्ये लेन हॅलाडे यांनी 1922 मध्ये बनवलेली ही फ्लाय कशाचीच हुबेहूब नक्कल नाही, तरी डझनभर किड्यांसारखी दिसते. मॅक्रोसाठी मागून येणारा मऊ उजेड घ्या, पंखांच्या शिरा त्यातच उठतात.

काळजीच्या दोन-तीन गोष्टी. प्रवाह ओलांडताना कॅमेरा गळ्यात लोंबकळत नको. तो बंद जलरोधक पिशवीत, छातीच्या वर, आणि एका हातात काठी. वेडर्सचा (पाण्यात उतरायच्या जलरोधक पोशाखाचा) कमरपट्टा घट्ट बांधलेला. डास पळवणाऱ्या ज्या मलमांत डीट असतं ते प्लास्टिक विरघळवतं. फ्लाय लाइनचं आवरण आणि कॅमेऱ्याची पकड दोन्ही त्याने खराब होतात, म्हणून तळहात धुतल्याशिवाय कशालाच हात लावू नका. थंडीतून उबदार खोलीत आल्यावर कॅमेरा पिशवीतून लगेच काढू नका, लेन्सवर दव धरतं.

ब्राउन ट्राउट शरदाच्या उत्तरार्धात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला अंडी घालतात, रेनबो बहुधा वसंतात. त्या काळात उथळ पाण्यात गोट्यांचा एखादा तुकडा आजूबाजूपेक्षा स्वच्छ, फिका दिसला तर ते घरटं आहे. त्यावर पाय देऊ नका, तिथल्या माशांवर फ्लाय टाकू नका. फोटो दूरवरून, टेलिफोटोने, काठावरून. आणि लहान ओढ्यांचे फोटो इंटरनेटवर टाकताना फाइलमधली जागेची नोंद काढून टाका, ओळखू येईल असा पूल किंवा कडा फ्रेमबाहेर ठेवा. छोट्या ओढ्यात मोठे मासे मोजकेच असतात, आणि गर्दी त्यांना एका हंगामात संपवू शकते.

राहिला लेन्सचा प्रश्न. एकच घ्यायची तर 24 ते 70 किंवा 24 ते 105 मिलिमीटरची झूम, जिला पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण आहे अशी. 24 ला मासा आणि नदी, 70 किंवा त्यापुढे लाइनचा लूप. पण पैसे एकदम सगळे लेन्सवर घालू नका. आधी चांगला पोलरायझर, रबराची जाळी आणि थर्मामीटर घ्या. सध्याच्या लेन्सवर एक हंगाम काढा, आणि हंगाम संपल्यावर तुमचे फोटो कोणत्या फोकल लेंथला जास्त निघाले ते फाइलमध्ये तपासून मगच नवी ठरवा.